तुकोबांचे न मिटलेले भांडण

आध्यात्मिक संघर्षाची गोष्ट सांगण्याचा आपला एक घाट ठरून गेला आहे. माणूस आधी सुखात असतो, मग आघात होतो, मग काळोख आणि तळमळ, शेवटी साक्षात्कार; आणि त्यानंतर आतले सगळे भांडण मिटून नुसती शांती उरते. तुकोबांचे चरित्र आपण पिढ्यान्‌पिढ्या याच घाटात ओतत आलो. संतचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात ते भाविकतेने ओतले. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ते तत्त्वज्ञाच्या शिस्तीने ओतले आणि स्पॅनिश संत योहानाची ‘आत्म्याची काळी रात्र’ ही कल्पना देहूच्या वाण्याला लावून दाखवली. प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटाने त्याला पडद्यावरचे वैकुंठगमन दिले. या तिघांची थोरवी मान्य करूनही एक शंका उरते. तुकोबांच्या अभंगांत हा चढता क्रम खरोखर आहे, की तो वाचणाऱ्याने आणलेला आहे? माझे म्हणणे असे की तो आणलेला आहे. तुकोबांनी प्रपंच आणि परमार्थ, संशय आणि श्रद्धा, लोकांत आणि एकांत यांचे भांडण मिटवले नाही. त्यांनी ते चालू ठेवले, त्याला जागा दिली आणि त्याच्यासकट जगण्याची रीत शोधली. तुकोबांना साधलेला मेळ तो हाच, आणि मिटवलेल्या भांडणापेक्षा तो अवघड आहे.

पहिला पुरावा अगदी कोरडा आहे. गाथेला कालक्रम नाही. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथली हस्तलिखिते ताडून गाथेची जी आवृत्ती काढली, तिच्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यांतला कोणता अभंग दुष्काळानंतरचा, कोणता अभंगांच्या वह्या नदीत बुडवल्यानंतरचा आणि कोणता अखेरच्या वर्षांतला, हे थोडे अपवाद सोडले तर कोणालाही सांगता येत नाही. हस्तलिखितांतले क्रमही एकमेकांशी जुळत नाहीत. मग ‘आधी निराशेचे अभंग, नंतर आनंदाचे’ हे आपल्याला कळले कुठून? उत्तर सोपे आहे. निराशेचा अभंग दिसला की आपण तो साक्षात्काराआधीचा ठरवतो आणि तृप्तीचा दिसला की नंतरचा. या वर्तुळात फिरून मिळणारा निष्कर्ष पुरावा म्हणून टिकत नाही. गाथा जशी हाती आली तशी वाचली तर एका पानावर देवाशी एकरूप झालेला माणूस भेटतो आणि त्याच पानाच्या तळाशी देवाला निर्दय, कृपण, दिवाळखोर ठरवणारा. एका अभंगात तर देव आपल्यापुरता मेला असे ते जाहीर करून टाकतात. हा अभंग लवकरचाच असला पाहिजे, असा आग्रह धरायला आपल्या सोयीखेरीज दुसरा आधार नाही.

दुसरा पुरावा तुकोबांच्या स्वतःच्या निवेदनाचा. संतांनी विचारले म्हणून, अशा गोष्टी सांगायच्या नसतात अशी आधीच कुरकूर करून, त्यांनी आपला वृत्तान्त एका दीर्घ अभंगात सांगितला आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ होता. त्यात धंदा बुडाला, बाजारातली पत गेली, पहिली बायको अन्नावाचून मेली. या सगळ्याची त्यांना लाज वाटली. लाज हा शब्द चरित्रकारांना फारसा आवडत नाही, त्यांना वैराग्य हवे असते. तुकोबा मात्र आधी लाजेबद्दल बोलतात. त्यानंतर काय घडले? आपल्या अपेक्षेप्रमाणे इथे एखादा दिव्य प्रकाश यायला हवा. येते ते मोडकळीला आलेले देऊळ, आणि ते नीट करावे ही इच्छा. मग एकादशीचे कीर्तन, तेही सुरुवातीला अभ्यासात चित्त नसताना. मग संतांची वचने पाठ करणे, पुढे गाणाऱ्याच्या मागे ध्रुपद धरणे, अंग मोडून जमेल तेवढा परोपकार करणे. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती हे त्यानंतर. आणि कवित्वानंतरही गोष्ट संपत नाही, कारण लगेच निषेधाचा आघात येतो, वह्या नदीत जातात आणि माणूस देवाच्या दारात धरणे धरून बसतो. क्रम पाहण्यासारखा आहे. मन शांत झाले म्हणून काम सुरू झाले, असे यात नाही. मन फाटलेले असतानाच काम सुरू झाले. आणि साक्षात्कारानंतर संकट टळले असेही नाही. सर्वांत मोठे संकट त्यानंतर आले.

तिसरा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. महिपती सांगतात की वडिलोपार्जित सावकारीची खते भाऊ कान्होबाशी अर्धी वाटून घेऊन तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत टाकला. हा प्रसंग आपण त्यागाचे शिखर म्हणून सांगतो, आणि तो आहेही. पण खते बुडाली तरी खतांची भाषा बुडाली नाही. गाथेत भांडवल आहे, मुद्दल आहे, व्याज आहे, हुंडी आहे, गहाण आणि जामीन आहे. देव हा कर्ज घेऊन तोंड चुकवणारे कूळ आहे, आणि त्याच्या दारात वसुलीला बसलेला भक्त आहे. ठेव, माप, वजन, खोटे नाणे, पेठ, गिऱ्हाईक हे सगळे बाजारातून उचलून विठ्ठलापुढे मांडले आहे. प्रपंच खरोखर टाकून दिलेला माणूस असे बोलणार नाही. त्याची भाषा गुहेची होईल, धुनीची होईल. तुकोबांनी दुकान सोडले आणि दुकानात शिकलेला चोख व्यवहार घेऊन ते देवापुढे उभे राहिले. ज्या जगाने त्यांना दिवाळखोर केले, त्या जगाचेच शब्द वापरून त्यांनी देवाला जाब विचारला. प्रपंच परमार्थाचा शत्रू म्हणून हाकलला गेला नाही आणि त्याच्याशी तहही झाला नाही. त्याला परमार्थात कामाला लावले गेले.

इथे दोन थोर पर्याय समोर येतात, आणि त्यांच्याशी ताडल्यावर तुकोबांचे वेगळेपण उमगते. पहिला ज्ञानदेवांचा. ‘अमृतानुभवा’च्या आरंभी शिव आणि शक्ती यांचे जे दांपत्य उभे राहते, त्यात विरोध हा मुळातच खरा नाही. दोघांपैकी एकाला वेगळे काढायला जावे तर दुसरेही हातातून निसटते, इतके ते एक आहेत. दिसणारे दोनपण ही त्या एकाचीच हौस. मराठीत याहून उंच तत्त्वचिंतन झाले नाही असे मला वाटते. पण हा मेळ त्या उंचीवरून दिसतो. ज्याच्या घरात अन्न नाही त्याला भूक आणि तृप्ती ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत हे सांगता येईल. ते जगून दाखवणे वेगळे. दुसरा पर्याय रामदासांचा. ‘दासबोध’ प्रपंच नेटका करायला सांगतो आणि मग परमार्थ. दोन्हीकडे सावधपण, दोन्हीकडे विवेक. व्यवहारी माणसाला हा सल्ला पटतो, आजच्या समुपदेशकालाही पटेल. त्यात अडचण एकच: दोन्ही बाजू आपल्या हातात आहेत, वेळ आणि शक्ती वाटून देणे आपल्याकडे आहे, असे तो गृहीत धरतो. दुष्काळ वाटणी विचारून येत नाही. (आणि नेटक्या प्रपंचाचा हा उपदेश ज्यांच्याविषयी बोहल्यावरून उठून गेल्याची कथा सांगतात त्यांनी करावा, ही गंमत बाजूला ठेवू.) तुकोबांपाशी ज्ञानदेवांची दृष्टी होती, वारकरी परंपरेतून ती त्यांना मिळालीच होती. पण त्या दृष्टीने त्यांचे भांडण सुटले नाही, उलट धारदार झाले. सगळे एकच आहे तर मला हे दुःख कोण देतो, आणि मी ते कोणाला सांगू, हा प्रश्न अद्वैत मानणाऱ्यालाच जास्त टोचतो.

म्हणूनच मोक्षाबद्दलची त्यांची भूमिका चमत्कारिक वाटली तरी सुसंगत आहे. मोक्ष नको, पुन्हा जन्म दे, पण भक्तीचे सुख दे, असे मागणे गाथेत वारंवार येते. अद्वैताच्या कसोटीवर हे मागणे मागासलेले ठरेल. जन्ममरणातून सुटायचे सोडून माणूस परत गर्भवास मागतो, याला काय म्हणावे? पण भक्त आणि देव यांच्यातले अंतर पुरते मिटले तर बोलणे संपेल, भांडण संपेल आणि त्याबरोबर प्रेमही संपेल, ही त्यांची भीती आहे. त्यांना ऐक्य कळत होते; हवे होते ते ऐक्य जाणून राखलेले दोनपण. वारकरी विचारात यालाच अद्वैतभक्ती म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा विसंगतीचा नमुना म्हणून दाखवता येईल. माझ्या मते विरोधी बाजूंचा मेळ घालण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे, कारण यात कोणतीही बाजू मारून मेळ घातलेला नाही.

मग हे भांडण इतकी वर्षे पेलले कसे गेले? नुसत्या मनोबलाने असे भांडण पेलत नाही. त्यासाठी बाहेर काही रचना लागते. तुकोबांना ती दोन ठिकाणी मिळाली. एक म्हणजे अभंगाचा साचा. छोटी चरणे, यमक, ध्रुपद आणि शेवटी नाममुद्रा. नाममुद्रेत कवी स्वतःचे नाव तिऱ्हाइताच्या तोंडून घ्यावे तसे घेतो. आधीच्या चरणांतला आक्रोश करणारा माणूस आणि शेवटच्या चरणात त्याच्याबद्दल बोलणारा माणूस यांच्यात वीतभर अंतर पडते. कधी तो शेवटचा आवाज आधीच्या आक्रोशाला दटावतो, कधी त्याला पाठिंबा देतो, कधी नुसता खांद्यावर हात ठेवतो. दुभंगलेल्या मनाला आपल्याच दोन आवाजांना आळीपाळीने बोलू द्यायची सोय या साच्याने करून दिली. दुसरी जागा कीर्तनाची. तिथे खासगी तळमळ चारचौघांत, टाळमृदंगासह म्हटली जाते आणि मागचे टाळकरी तेच शब्द उचलून परत देतात. जी गोष्ट एकट्याने भोगली असती तर कदाचित वेड लागले असते, ती दहाजणांच्या गळ्यात गेली की सोसण्याजोगी होते. एकांताची ओढ तुकोबांना होतीच. भंडाऱ्याचा डोंगर, भामचंद्राचा डोंगर ही त्यांची ठिकाणे. पण डोंगरावरून ते दरवेळी गावात उतरले. त्यांचे एकांतातले अभंगही आज आपण सगळे मिळूनच म्हणतो.

यावर पहिला आक्षेप आजच्या काळाचा असेल. हे सारे म्हणजे आजारी मनाची लक्षणे नव्हेत का? एकापाठोपाठ मृत्यू, दिवाळे, स्वतःची घृणा, माणसांचा वीट. आज असा माणूस भेटला तर आपण त्याला डॉक्टरकडे नेऊ, आणि न्यावेच. पण पावणेचार शतकांपूर्वीच्या माणसाचे निदान अभंगांवरून करू नये, हे एक. दुसरे असे की आजाराची शक्यता मान्य केली तरी माझा मुद्दा ढळत नाही. विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ साली एडिंबरा येथे दिलेल्या व्याख्यानांत दुभंगलेल्या आत्म्याचा आणि त्याच्या एकसंध होण्याचा जो विचार मांडला, तो बहुतेक धार्मिक मानसशास्त्राचा पाया ठरला. जेम्स यांना आत्मा सांधला जाण्यात रस होता. तरीही बन्यन आणि टॉलस्टॉय यांच्याविषयी लिहिताना त्यांना मान्य करावे लागले की ही माणसे सावरली, पण आधी चाखलेला कडूपणा त्यांच्या जिभेवरून कधीच गेला नाही. सांधा दिसत राहिला. तुकोबांचे तसेच आहे, आणि ते बरे झाले नाहीत म्हणून त्यांचा अनुभव खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा. वि. का. राजवाडे यांनी संतांवर समाजाला निवृत्तीकडे लोटल्याचा ठपका ठेवला. उलट न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० सालच्या आपल्या इतिहासग्रंथात संतांना मराठी सत्तेच्या उदयाची भूमी तयार केल्याचे श्रेय दिले. दोघेही संतांना राज्याच्या उपयोगाच्या तराजूत घालतात. एकाला वजन कमी दिसते, दुसऱ्याला जास्त. त्या वादात पडण्याची मला गरज वाटत नाही. ज्याच्या घरातले माणूस भुकेने गेले त्याने आधी स्वराज्याचा विचार करायला हवा होता, ही अपेक्षाच मला थोडी निर्दय वाटते.

तिसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिप्रथेच्या उच्छेदाविषयी गांधीजींना दिलेल्या, १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तरात म्हटले की संतांनी जातिव्यवस्थेवर मोहीम काढली नाही. माणसामाणसांतल्या झगड्यात त्यांना रस नव्हता, माणूस आणि देव यांच्यातल्या नात्यात होता. देवापुढे सगळे समान, ही समता मंदिराच्या दाराबाहेर काही कामाची नाही. हे खरे आहे. चोखोबा देवाच्या इतके जवळ होते आणि त्यांना दाराबाहेरच उभे राहावे लागले, ही गोष्ट कितीही भावपूर्ण रीतीने सांगितली तरी अन्याय्यच राहते. आतला मेळ बाहेरच्या विषमतेचे औषध नव्हे, आणि जो त्याला तसे औषध म्हणून विकतो तो फसवतो. पण याच आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला, हेही त्याच इतिहासात आहे. मला यात विसंगती दिसत नाही. भीड टाकून, गप्प न बसता बोलण्याचा धडा तुकोबांकडून घेता येतो. व्यवस्था मोडण्याचा कार्यक्रम घेता येत नाही. शूद्राने धर्माबद्दल अधिकाराने बोलावे की नाही, यावरूनच तर त्यांच्या वह्यांवर संकट आले. त्यांनी बोलणे थांबवले नाही, आणि शिऊरच्या बहिणाबाईंसारख्या ब्राह्मण स्त्रीने नवऱ्याचा विरोध सोसून त्यांना गुरू मानले. एवढे घडले. याहून जास्त घडले असा दावा करू नये.

आणि आता तुकोबांची दुसरी बायको, जिजाई. हा आक्षेप कोणी ग्रंथ लिहून घेतलेला नाही, तो गाथेतच आहे. देवाशी भांडायला तुकोबा मोकळे राहिले, कारण मुलांच्या पोटाशी दुसरे कोणी भांडत होते. जिजाई सधन घरातली, पुण्याच्या गुळव्यांची मुलगी. तिच्या वाट्याला आले टाळ कुटणारा नवरा, दारात येणारे पाहुणे आणि रिकामी मडकी. तिने शिव्या दिल्या, विठोबालाही दिल्या. तुकोबांच्या मेळाची किंमत तिने मोजली, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यावर माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. प्रपंच परमार्थात कामाला लागला असे मी वर म्हटले. प्रपंचाचे काम मात्र तिलाच करावे लागले. अनेक सत्पुरुषांच्या चरित्रात अशी एक बाई असते आणि चरित्रकार तिला एक तर साध्वी करतात किंवा कजाग.

तरी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती याच युक्तिवादाचा भाग आहे. जिजाईचे म्हणणे आपल्याला कळते ते तुकोबांमुळे. तिच्या तोंडची तक्रार त्यांनीच अभंगांत उतरवली: घरात दाणा नाही, हा देवळात गातो, पोरांनी खायचे काय. या अभंगांत ती मूर्ख दिसत नाही. तिचे बोलणे खरे लागते, कधी कधी तर तुकोबांच्या उत्तरापेक्षा खरे लागते. तिला केलेला ‘पूर्णबोध’ नावाचा उपदेशही गाथेत आहे. पण उपदेश छापला म्हणून तक्रार पुसली गेलेली नाही. देवाविरुद्धची स्वतःची फिर्याद ज्याने लपवली नाही, त्याने स्वतःविरुद्धची बायकोची फिर्यादही लपवली नाही. त्याने तिचे पोट भरले नाही, हे खरेच. धाकटे बंधू कान्होबा यांनीही तुकोबा गेल्यावर विठ्ठलाला चोर म्हणून धारेवर धरले, आणि तेही अभंग परंपरेने गाथेसोबत जपले. विरोधी साक्ष जपून ठेवण्याची ही खोड त्या घरातच दिसते.

ही खोड आपण मात्र टिकवली नाही. प्रभातच्या चित्रपटातली रोखठोक, कष्टाळू जिजाई हा एक सन्माननीय अपवाद. एरवी कीर्तनांत, प्रवचनांत, शाळेच्या नाटुकल्यांत तिच्या तक्रारीचे अभंग येतात ते बहुधा हशा पिकवायला. कजाग बायको आणि सोशिक संत हा विनोद चार शतके झाली तरी शिळा होत नाही. तो आता थांबवावा, असे माझे कीर्तनकारांना सांगणे आहे. ते अभंग निरूपणाला घ्यावेत, देवाशी भांडणाऱ्या अभंगांना देतो तेवढाच वेळ त्यांना द्यावा, आणि श्रोत्यांना हसू आले तर क्षणभर थांबून विचारावे की त्या घरात त्या दिवशी चूल कोणी पेटवली.